जाहेदाच्या हाती हात

“हात धरू नको, जाहेदा. नुस्त्या बांगड्या दे. घरीच घालते,” म्हणत बायनाबाईने हात पदराखाली घेतला.

“घरी घातल्या की फुटत्यात, माय.”

“फुटू दे. पर तुजं ते खाजवणं… लेकराबाळाचं घर हाय आमचं.”

नांदूरघाटात बायकांना बांगड्या भरायच्या त्या जाहेदानेच, आणि तिच्या आधी तिच्या सासूने. पण वर्षभर तिच्या अंगाची खाज थांबत नव्हती. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसते नखांचे ओरखडे. मलमे झाली, कडुलिंबाच्या अंघोळी झाल्या. गावाला निदान करायला डॉक्टर लागत नाही. गावाने लागट रोग ठरवून टाकला.

शेवटी सून आफ्रीन तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात घेऊन गेली. चामडीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून किडनीच्या डॉक्टरांना बोलावले. खाजेचे मूळ किडनीच्या बिघाडात निघाले. मग मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या, तशी जाहेदा भडकली.

“मी येडी हाय का?”

“नाही हो मावशी. तुम्हाला झोप नाही, म्हणून आले. जास्त त्रास कशाचा होतो?”

“कुनी हात देत न्हाई,” जाहेदा म्हणाली आणि हमसून रडली.

तिघांनी मिळून औषधे, पथ्य आणि झोपेचे ठरवले. खाज कमी होईल, पुरती जाईल असे नाही. पण ती कुणाला लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

“हे गावात येऊन सांगता का?” जाहेदाने विचारले. गावात कुणी आले नाही.

पुढे बायनाबाईच्या नातीचे, सत्यशीलेचे लग्न निघाले. हिरवा चुडा केजहून आणून घरीच चढवला आणि बांगड्या वाढल्या. नवरीच्या बांगड्यांना ‘फुटल्या’ म्हणायचीही सोय नाही. बायनाबाई धावत जाहेदाच्या दारी आली.

मांडवात जाहेदा सरळ बोलली, “माजा रोग लागत न्हाई. पटत आसंल तर बसते, न्हाईतर जाते.”

सत्यशीलेने हात पुढे केला. चुडा एकही बांगडी न वाढता भरला. जाहेदा टोपली आवरू लागली, तोच समोर आणखी एक हात आला. सुरकुतलेला, बायनाबाईचा.

“मला बी भर. लई दिस झाले.”

जाहेदाने तो हात धरला. नेमकी तेव्हाच मानेवर खाज उठली, वाढत गेली, डोळ्यांत पाणी आले. जाहेदाने हात सोडला नाही.