गुरुवारची रजा

गुरुवारी आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होतं. "भूल देताना तू समोर हवीस, बाकी मला कशाची भीती नाही," एवढंच तिनं मागितलं होतं. एका दिवसाची रजा, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. वाटायला काय, अक्कल थोडीच लागते!

आमची कंपनी अवाढव्य. माझं काम ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं. दर सहा महिन्यांनी तिथे 'नवी रचना' होते, म्हणजे माणसं तीच, खुर्च्या त्याच, साहेब तेवढे बदलतात. यंदा माझ्या टेबलावरचे सगळे इकडेतिकडे पांगले. मी राहिले जिथल्या तिथे.

रजा मागायला जुन्या साहेबांकडे गेले. "आता तुम्ही माझ्याकडे नाही," ते म्हणाले, आणि इतक्या आनंदानं म्हणाले की मला रागच आला.

मग नव्या मॅडम. त्यांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.

"तुम्ही नक्की आपल्याच कंपनीत ना?"

"अकरा वर्षं."

"मग सिस्टिममध्ये बघा. सिस्टिम चुकत नाही."

सिस्टिममध्ये माझं नाव होतं. वर साहेबाच्या चौकटीतही माझंच नाव होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी माझ्याच हाताखाली काम करत होते. कधीपासून, कुणास ठाऊक!

पलीकडच्या टेबलावरचा बडबड्या खो खो हसला. "अगं, मजा आहे की तुझी! आपणच मागायचं, आपणच द्यायचं."

मी अर्ज पाठवला. दोन मिनिटांत तो माझ्याकडेच आला. उघडला, तर लाल अक्षरांत लिहिलेलं: 'या दिवशी विभागातील हजेरी शून्य टक्के राहील. मंजुरी दिल्यास जबाबदारी आपली.' खाली प्रश्न: 'कारण टाळता येण्यासारखे आहे का?'

आजवर मी या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला होते. आज अलीकडे बसले होते. चाळीस तक्रारी तुंबलेल्या. उद्या कुणी जाब विचारला तर? आणि या बाईच्या घरी दुसरं कुणी नाही का? धाकटा भाऊ आहे ना, तो थांबेल की! मी हे कुणाबद्दल म्हणतेय ते कळायच्या आत बोट 'नामंजूर'वर पडलं होतं.

लगेच पत्र आलं: 'आपल्या साहेबांनी आपली रजा नाकारली आहे.' मी भयंकर संतापले. पण कुणावर, ते काही केल्या उमगेना.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. आई उशीला टेकून बसली होती.

"साहेबांनी रजा नाही दिली गं."

"ऑपरेशन आहे म्हणून सांगितलंस ना?"

"सगळं माहीत आहे त्यांना."

तिनं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "त्यांना आई नाही का?"

"आहे."

"मग समजेल त्यांना. तू नेहमी भिऊन भिऊन मागतेस." तिनं चष्मा लावला, फोन हातात घेतला. "नंबर सांग. मीच बोलते त्यांच्याशी."

"बोल," मी म्हणाले, आणि स्टूल तिच्याजवळ ओढून बसले.