मी घातलेले चौसष्ट आकडे

मी एक ब्रश बोलतोय. इंचभर रुंद, लाकडी मुठीचा. मी फार दचकतो, हे आधीच सांगतो. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला तरी माझे केस ताठ होतात.

नाशिकच्या एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या बरण्यांमागे मी पडून होतो. सृष्टी आली आणि पांढऱ्या ऑइलपेंटच्या डब्यासोबत तिने मला उचललं. "पावसात जाणार नाही ना हा रंग?" तिने दुकानदाराला तीनदा विचारलं.

"ताई, भिंत पडेल, रंग जाणार नाही," तो म्हणाला. तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता.

सृष्टी वानरांचा अभ्यास करते. हरसूलच्या पुढे डोंगराच्या एका उतारावर काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी होती. आजूबाजूचं रान दरवर्षी मागे सरत चाललं होतं. चैत्रात सगळा डोंगर वाळतो तेव्हा याच उतारावरची उंबर आणि पायर ही फळझाडं या टोळीला जगवतात, एवढं तिला कागदावर सिद्ध करायचं होतं. मग हा तुकडा राखा, असं ती ठामपणे सांगू शकली असती. त्यासाठी कोणत्या झाडावर कधी काय खाल्लं, हे रोज लिहायला हवं.

पाड्यावरच्या भागीबाई तिला रान दाखवायच्या. त्यांनी झाडांना नावं ठेवली होती. "ही सासू. वारा नसला तरी कुरकुरते. तो बहिरा, कितीबी हाका मारा, फळ देत नाय."

सृष्टी हसली. "मावशी, तक्त्यात सासू कुठे लिहू? नंबरच घालते."

तिने मला रंगात बुडवलं तेव्हा भागीबाईंनी तिचं मनगट धरलं. "आकडा नको घालू, पोरी. आकडा घातलेलं झाड उभं राहत नाय."

"मी असलं काही मानत नाही, मावशी."

भागीबाईंनी हात सोडला. "शिकलेली तू," एवढंच म्हणाल्या.

मी तिच्या बोटांतच होतो. अगं, का ते तरी विचार, असं मलाही सुचलं नाही. मी माझ्याच कौतुकात होतो. सासूवर एक घातला, बहिऱ्यावर दोन. असे चौसष्ट. पावसाळा संपल्यावर शेवाळाने झाकलेले आकडे तिने पुन्हा उजळले, तेही माझ्याकडूनच.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात ती अहवाल लिहायला तीन आठवडे नाशिकला गेली. परत आलो त्या सकाळी मी पिशवीत होतो. ती चालता चालता थांबली आणि पिशवी तिच्या हातातून सुटली. मी बाहेर पडलो ते थेट उन्हात. त्या जागी मी ऊन कधी पाहिलंच नव्हतं.

शेजारच्या खासगी मालकीच्या रानाला तोडीची परवानगी मिळाली होती. तोडायच्या झाडांवर इकडे आधी पांढरे आकडे घालतात. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. दोन रानांमध्ये कुंपण नव्हतं. तोडणाऱ्यांचा मुकादम, वाळू नावाचा, भाकर खात बसला होता, तो हात पुसत उठला.

"आम्ही आकडा बघून कापतो, ताई. बिगर आकड्याचं एक झाड शिवलं असंल तर दाखवा."

खरंच शिवलं नव्हतं. करवंदीच्या जाळ्यासुद्धा त्यांनी वळसा घालून वाचवल्या होत्या.

ओढ्यापलीकडची अकरा झाडं तेवढी उरली. वाळूने काम थांबवलं, पण उद्या तोडणाऱ्यांची दुसरी टोळी आली तर? सृष्टीने मला थिनरमध्ये बुडवलं आणि आकडे पुसायला घेतले. घासघास घासलं. रंग सालीत आणखी आत शिरला. दुकानदार खरं बोलला होता. माझे केस झडून झाडाला चिकटले, आकडा तसाच.

भागीबाई कोयता घेऊन आल्या आणि साल खरवडू लागल्या.

"मावशी, कारण सांगायचं होतं तुम्ही."

"तू विचारायचं व्हतं." कोयता थांबला. "मी बी फुगून गप बसले."

चैत्र लागला. सृष्टी रोज उजाडताच येऊन बसायची. एकदा पिल्लू पोटाशी धरलेली एक मादी आली, सासूच्या तोडलेल्या बुंध्यावर बसली आणि वर पाहत राहिली. वर काही नव्हतं. ती उतरून सडकेच्या बाजूला गेली. त्यानंतर कोणीच आलं नाही. अकरा दिवस वहीत एकच शब्द आहे: नाहीत.

सृष्टी नाशिकला गेली, मला इथेच टाकून. भागीबाईंच्या वळचणीला मी खोचलेला आहे. उरलेले केस दगडासारखे झालेत, टोकाला अजून पांढरं आहे.

एकच मागणं आहे. दया येऊन मला कोणी थिनरमध्ये भिजवू नका. मऊ झालो तर पुन्हा कोणीतरी मला हातात घेईल आणि मी पुन्हा मन लावून, सुरेख आकडे काढीन. मला दुसरं काही येत नाही.