न सापडलेलं मूल

बाबांनी माझ्यासाठी नवरा निवडला तो आवाज ऐकून. कुमाओ हा कोळसा पाडणाऱ्याचा मुलगा, अस्वलासारखा आडवा. राक्षसाचा मुखवटा चढवून तो ओरडला की पुढची पोरं आयांच्या कुशीत शिरायची. माझे बाबा, याजिरो, सारुगाकू नावाचे खेळ करणाऱ्या आमच्या मंडळीचे म्होरके. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून कुमाओ घरजावई झाला. तेव्हा आमचं काम म्हणजे देवळांच्या आवारात राक्षस नाचवायचे, कोलांट्या मारायच्या, लोकांना हसवायचं. पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं तेही हसवायलाच.

नारा शहराच्या बाजारात आम्ही हात्सुमेला पाहिलं. डोक्यावर पुरुषाची उंच काळी टोपी घालून ती एकटीच नाचत गात होती, खांद्यावरच्या ढोलाच्या ठेक्यावर. कुमाओ हातातला भाताचा गोळा खायचा विसरला. मी त्याला कधी जेवण विसरताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याकडे शिकायला जाऊ लागला. बाबा भडकले. "घरजावई केला तो राक्षस म्हणून, आणि हा बाजारातल्या बाईच्या पायाशी बसतोय!"

"पायाशी कुठे, बाबा," कुमाओ म्हणाला, "ती मला दारातच उभा ठेवते. म्हणते, आत आलास तर घर मोडेल."

हात्सुमेने त्याला ठेक्यावर गोष्ट गायला शिकवलं. आमची गाणी नुसती लांबच लांब सुरांची होती. त्यांना तिचा ठेका जोडून त्याने एक नवा खेळ रचला. मूल हरवलेली आई वेडीपिशी होऊन गावोगाव हिंडते आणि शेवटी मूल सापडतं. आईचं सोंग तो स्वतः घेणार होता. मुलाचं आमच्या लेकीला, कोइतोला दिलं. पोरगी पाच वर्षांची, पण उभी राहायची ती मोठ्या नटासारखी.

चालणं मात्र त्याला जमेना. एका सकाळी मी मुळे चिरत होते, तर समोर येऊन बसला.

"मागे जत्रेत कोइतो हरवली होती, तेव्हा तू कशी चालत होतीस गं?"

"मला काय माहीत! मी काय माझे पाय बघत होते?"

माझ्या पाटीतला मुळा उचलून तो कचाकचा खात म्हणाला, "बरोबर. पाय बघायचे नाहीत." उठून गेला. त्या दिवसापासून त्याची चाल बदलली.

शरदाच्या उत्सवात नदीकाठच्या एका देवस्थानात पहिला खेळ झाला. आईच्या वेशातलं ते धूड समोर आलं आणि लोक हसून लोळायला लागले. "बाई दणकट आहे रे! हिचं मूल म्हणजे बैलच असेल!" एक दारूवाला ओरडला. बाबांनी कपाळाला हात लावला. कुमाओ काही न ऐकल्यासारखा चालत राहिला. एकेकापुढे थांबून विचारत होता, "माझं लेकरू दिसलं का हो?" हळूहळू हसू ओसरलं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी उठली. चटया विणून विकणारी, हात लव्हाळ्याने काळे पडलेले. ती सरळ त्याच्याशी बोलली, "माझाही नाही सापडला गं पोरी. लढाईला नेला तो नेलाच. ये, बस माझ्याजवळ."

ढोलवाला थांबला. खेळ मोडला असंच मला वाटलं. कुमाओ मात्र मंचावरून खाली उतरला, तिच्या चटईवर गेला आणि टेकला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हलक्या आवाजात गाऊ लागला, आईचं पुढचं गाणं. ठेका द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या हट्टी बापाने ढोल खेचून घेतला आणि वाजवू लागला.

आता मूल सापडायचं होतं. कोइतो पडद्याआड तयार उभी होती. कुमाओ उठला, म्हातारीला वाकून नमस्कार केला, आणि पडद्याकडे न बघता नदीच्या वाटेने चालत निघून गेला. खेळ तिथेच संपला. कुणी ओरडलं नाही. दारूवाला बाहीने नाक पुसत होता.

पुजारी संतापले. देवापुढे असा अशुभ शेवट! पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणं नाही म्हणाले, आणि खरंच बोलावलं नाही.

बाबा त्याला झापायला नदीवर गेले, मी मागोमाग. "मूल का नाही सापडलं रे?"

"त्या आजीसमोर माझं कसं सापडणार, बाबा?"

त्याच्या गालावरचा रंग ओघळला होता, तो बाबांनी आपल्या पंच्याने पुसला.

एवढ्यात कोइतो फणफणत आली. "बाबा, मी किती वेळ उभी होते! मला बोलावलंच नाही!" कुमाओने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि असं हुंदके देऊन रडला की तीच त्याला समजवायला लागली.

नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत बातमी आमच्या आधी पोचायची. लोक विचारत, मूल न सापडणारा खेळ आणलाय ना? राक्षस कुणी मागेना. पुढे इतर मंडळ्याही आमचा ठेका उचलू लागल्या. हात्सुमे म्हातारपणी आमच्याकडेच राहिली आणि माझ्या लोणच्याला नावं ठेवत सुखाने गेली. कुमाओने केस पांढरे होईपर्यंत ती आई केली. प्रत्येक गावात तो मंचावरून उतरून कुणातरी म्हातारीजवळ बसायचा. कुणाजवळ बसायचं हे त्याला कसं कळायचं, ते मी किती वेळा विचारलं. तो म्हणायचा, "त्याच मला जागा करून देतात."