धवल्यातला पत्ता

“परत लाव गो,” गंगू म्हणाली.

अमितानं, तिच्या सुनेनं, मोबाइल पुढे धरला. गंगूचे हात बोंबलाच्या पाण्यानं ओले होते, म्हणून ती नुसती वाकली. मोबाइलमधून तिचाच आवाज आला, मागे कुणीतरी नंतर घातलेली ढोलकी:

तलावाचे बाजूला, करंजाड्याचे वाटेला
_____ नवरीचा नवा बिऱ्हाड मांडिला

रिकाम्या जागी नाव होतं. ते इथेही लिहिण्यासारखं नाही.

गंगू सारसोळ्याची धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गायचे आणि शेवटच्या धवल्यात नवरीच्या नव्या घराचा पत्ता, खाणाखुणांसकट. देवांना घर सापडावं म्हणून. आधीच्या धवलारणीनं, रंगूबाईनं, तिला तसंच शिकवलं होतं.

या नवरीचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्यानं तिचा हात मोडला होता. उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात कामाला असलेला तो माणूस, ती कुठे गेली हे अजून विचारत फिरायचा. म्हणून लग्न घरच्याच माणसांत, पत्रिका न छापता. गंगूनं मात्र सवयीनं पत्ता गायला. शूटिंगवाल्या भावेशनं तो इंटरनेटवर टाकला.

सकाळी नवरीचा फोन आला होता. व्हिडिओ उरणकडच्या ग्रुपांवर फिरतोय, म्हणाली. ती रडत नव्हती, हेच गंगूला जास्त लागलं.

अमितानं भावेशला स्पीकरवर फोन लावला. तो आधी हसला. व्ह्यूज मस्त चाललेत, कॅमेरा सगळ्यांसमोर होता, तेव्हा कुणी नको म्हटलं नाही. आणि गाणं त्यानं आपल्या चॅनेलच्या नावावर चढवलं होतं.

“काकी, कॉपीराइट आपला हाय. टेन्शन नका घेऊ, खाली तुमचं नाव टाकलंय ना.”

फोन बंद.

नवरीनं खासगी माहिती उघड झाल्याची तक्रार व्हिडिओच्या साइटकडे सकाळीच केली होती. ‘तपासून कळवू’ एवढंच उत्तर आलं होतं. कॉपीराइटची तक्रार लवकर हलते, असं अमिताच्या ऑफिसातली वकीलबाई म्हणाली. पण ती गंगूनंच करायला हवी.

“आई, फक्त म्हणा, हे माझं आहे, मी परवानगी दिलेली नाही.”

“माजा कसा? रंगूबाईचा पन नवता तो. धवला कुनाचा नसतं गो.”

“गाणं नसेल. आवाज तर तुमचा आहे? गाणाऱ्यालाही हक्क असतो, आई.”

गंगूनं हात पदराला पुसले. तिच्या माहितीतल्या एकाही धवलारणीनं धवल्याला माझा म्हटलं नव्हतं.

फोन वाजला. पुन्हा नवरी. तलावाजवळच्या दुकानात एक माणूस तिचं नाव घेऊन विचारत होता.

“लिव,” गंगू म्हणाली. “माजा हाय.”

संध्याकाळी व्हिडिओ इंटरनेटवरून गेला.

नवरीही गेली. ती आणि नवा नवरा मागच्या गेटनं रिक्षात बसली. कुठे ते तिनं सांगितलं नाही, गंगूनं विचारलं नाही. कुकर गॅसवरच राहिला, एवढंच ती फोनवर बोलली.

पुढचं लग्न नेरूळच्या हॉलात होतं. शेवटचा धवला आला तसे मोबाइल वर झाले.

गंगू उठली. बायकांना तिनं खुणेनं सूर धरून ठेवायला सांगितला. नवरीजवळ गेली, आपला पदर दोघींच्या डोक्यांवरून ओढला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

पत्ता तिथे म्हटला.

मोबाइलांत आलं ते एवढंच: बायकांचा सूर, आणि एका पदराखाली दोन डोकी.