लाल स्तंभ

प्रीतीने काढलेला आलेख सकाळी गावभर फोनवर फिरला, आणि दुपारी बसस्टँडवर लोकांनी महालिंगला ड्रायव्हरच्या सीटवरून खाली ओढलं.

प्रीती कुंभकोणमच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी काम करायची. मयिलाडुतुरै रस्त्यावरचे अपघात तिने बसकंपनीनुसार मोजले होते. हिरव्या बस चालवणाऱ्या कंपनीचा स्तंभ सगळ्यांत उंच; तो तिने मुद्दाम रक्तासारखा लाल रंगवला. त्याच सकाळी तिरुभुवनमजवळ हिरव्या बसखाली एक विणकर चिरडला गेला. ती बस महालिंगची नव्हती; तो त्याच कंपनीची दुसरी बस चालवायचा.

प्रीती धावत बसस्टँडवर पोचली तेव्हा काचा फुटत होत्या. कुणीतरी फोन उंच धरून तमिळमध्ये ओरडत होतं, "बघा, खुनी कंपनी!" पडद्यावर तिचाच आलेख. तिच्याच गल्लीतल्या रामलिंगने पहार उचलली आणि महालिंगच्या तोंडावर हाणली.

"थांबा, मरेल तो!"

ती मध्ये घुसली. कुणीतरी केस धरून तिला बसच्या पत्र्यावर आपटलं. पोलीस आले तोवर महालिंगचा डावा डोळा गेला होता.

कपाळाला टाके घालून ती घरी आली. तिचे कृष्णप्रसादकाका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. त्यांनी आलेख पाहिला.

"वर अंश आहे गं. खाली छेद कुठाय? हिरव्या बस फेऱ्या किती मारतात?"

तिने ते कुणाला विचारलंच नव्हतं.

टाके ठणकत असतानाच ती काकांकडे शिकायला बसली. दर कसा काढायचा, थोड्या घटनांवरचा दर किती डळमळीत असतो, ते चित्रात कसं दाखवायचं. फेऱ्यांनी भागल्यावर हिरव्या बस इतरांसारख्याच निघाल्या. मग तिने अपघात नकाशावर ठिपक्यांनी मांडले. निम्मे ठिपके तिरुभुवनमच्या एकाच आंधळ्या वळणावर साचले.

नकाशा घेऊन ती इस्पितळात गेली. महालिंगच्या बायकोने, गोमतीने, तिच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. प्रीती हलली नाही.

"आत्ता आणलंस होय?" गोमती म्हणाली. "याचा डोळा आणशील?"

महालिंगने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिथून ती थेट पोलीस ठाण्यात गेली. रामलिंगचं नाव सांगितलं. पहिला आलेख आपला होता आणि चुकीचा होता, हेही जबाबात घातलं. रामलिंगच्या भावांनी तिची स्कूटर जाळली. तरी ती कोर्टात साक्षीला उभी राहिली.

रामलिंग तुरुंगात गेला. तिच्या नकाशामुळे वळणावर गतिरोधक आले. गोमती मात्र तिच्याशी पुन्हा कधीच बोलली नाही.