आयल्साचं अरे-तुरे

आयल्सा न्यूझीलंडहून कोरियात, आमच्या गुनसानला आली ती मार्चमध्ये. वय तेवीस, पहिलीच नोकरी, मुलांना इंग्रजी शिकवायची. मी त्या इंग्रजीच्या क्लासमध्ये अकरा वर्षं शिकवत होते, म्हणून तिला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. पण क्लासचे मालक ताक सर यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन बजावलं, "प्यो बाई, तिला कोरियन शिकवायचं नाही हं. एक शब्दही नाही. तिला आपली भाषा आली की पोरं इंग्रजी बोलायची बंद."

"पण दुकानात वगैरे काय करेल ती?"

"बोट दाखवेल."

तीन आठवडे तिने बोटच दाखवलं. खालच्या दुकानातून शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण घ्यायची आणि जिन्यात बसून खायची. एकदा शाम्पू समजून कपडे मऊ करायचं औषध घेऊन आली. आठवडाभर त्यानेच केस धुतले. केस छान दिसत होते, म्हणून मी काही बोलले नाही. पण एका दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून रडताना सापडली, तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली.

शेवटी तिला हाताला धरून बोलायला शिकवलं ते क्लासच्या गाडीतल्या सात वर्षांच्या पोरांनी. मुलांना घरी सोडायला ती रोज त्या गाडीतून जायची. पुढचे दोन्ही दात पडलेली गाओन तिची मुख्य गुरू. जूनपर्यंत आयल्सा फडाफडा कोरियन बोलायला लागली, पण गाडीतल्या पोरांसारखी, सगळ्यांना अरे-तुरे करत. मला ते ऐकू येत होतं. पण चूक दाखवणं म्हणजे शिकवणंच झालं, आणि मी पडले आज्ञाधारक.

जुलैत पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. सतरा आया मागे ओळीने बसल्या. सरांचे वडीलही आले. वय एक्क्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासमोर ताक सर अजूनही मान खाली घालून उभे राहत. म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करावी म्हणून आयल्सा पुढे झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ए आजोबा, जेवलास का रे? चल, इथे बस. आणि नाक पूस आधी!"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ही कुणाला म्हणते आहे ते बघायला आजोबांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं आणि मुकाट्याने बसले.

"जेवलो," ते म्हणाले.

एका आईला राहवलं नाही. "अय्या, यांना कोरियन येतं? सर, तुम्ही शिकवलंत?"

"म्हणजे... माझ्या देखरेखीखाली," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "प्यो बाई, तुमचं लक्ष असतं कुठे? तिला नीट बोलायला शिकवा. अहो-जाहो. रोज एक तास!"

आयल्सा मन लावून शिकली. पुन्हा फजिती नको म्हणून तिने सरसकट सगळ्यांनाच आदर द्यायला सुरुवात केली, पोरांनासुद्धा. "आपण कृपया जागेवर बसावं," ती गाओनला म्हणाली.

गाओनचे डोळे भरून आले. "टीचर, तू रागावलीस का आमच्यावर?"

पोरं बिचकली. कोरियनमध्ये टीचर परकी वाटायची, इंग्रजीत मात्र पहिल्यासारखीच हसायची. म्हणून महिन्याभरात पोरं तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागली. पालकसभेत सरांनी ते आपल्या शिस्तीचं फळ म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या संध्याकाळी मी आयल्साला बंदरावर तिखट नूडल्स खायला नेलं. नाकातून पाणी येत असताना तिने तासभर सरांची यथेच्छ निंदा केली. "ताक साहेब हे अत्यंत मूर्ख गृहस्थ आहेत, असं आपल्या परवानगीने मी नम्रपणे म्हणू इच्छिते." एकही क्रियापद अरे-तुरेवर घसरलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजी कौतुकाने म्हणाल्या, "किती संस्कारी मुलगी आहे हो!"