पाण्याआधीचा आशीर्वाद

आमच्या गावात नळ आणायला तिघे जण राजी होते, म्हणूनच तो येत नव्हता. जिल्हा कचेरीचे जपारकुल साहेब चर खणायला यंत्र देणार होते. राजधानीतल्या, बिश्केकच्या संस्थेतली एलनुरा पंप देणार होती. आणि आमचं दूध विकत घेणारा डेअरीवाला सागिनबेक पाइप देणार होता. साहेब म्हणायचे, पाइप आल्याशिवाय रस्ता कसा फोडू? सागिनबेक म्हणायचा, आधी पंप दिसू दे. एलनुरा म्हणायची, चर खणल्याशिवाय पंप नाही. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते हेच.

मला मात्र घाई होती. माझी सून आयझादा नदीवरून बादल्या भरून आणते. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरली आणि पोटातलं लेकरू गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. मुलगा कामाला रशियात, माझे गुडघे कामातून गेलेले. मी बादल्या लपवायचे, ती शोधून काढायची. आणि जमीन एकदा गोठली की वसंतापर्यंत चर खणायचं नाव नको.

म्हणून मी मेंढी कापली आणि तिघांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, असा माझा विचार.

दारातच घोडं अडलं.

"तुम्ही व्हा पुढे, साहेब."

"छे छे, आधी एलनुराबाई."

"मी कशी? सागिनबेकदादा वयानं मोठे."

"चर खणायचा नाहीये," मी म्हणाले. "नुसता उंबरठा ओलांडायचाय. चहा निवतोय."

आत बसून तिघांनी मटण आणि शेवया हातानं भरपूर खाल्ल्या, आणि प्रत्येक घासागणिक बाकीच्या दोघांवर काम ढकललं. मी हात टेकले.

जेवण झाल्यावर आशीर्वाद द्यायचा मान घरातल्या सर्वांत वडील माणसाचा. आमच्याकडे ते माझे चुलतसासरे असनाली. ऐकू कमी येतं. त्यांनी तळवे वर धरले, आम्हीही सगळ्यांनी धरले.

"ज्यांनी या गावात पाणी आणलं," म्हातारा म्हणाला, "ज्यांनी आमच्या सुनेच्या हातातल्या बादल्या सोडवल्या, त्यांच्या घरात कुणी कधी तहानेलं न राहो."

आमच्याकडे काम फत्ते झाल्यावर मेंढी कापतात. मी आधीच कापली, तर त्यांना वाटलं नळ आला. आता आशीर्वाद चालू असताना मध्ये बोलायचं कुणी? हातही खाली घेता येत नाहीत. म्हातारा तर रंगात आला. साहेबांच्या आईला दीर्घायुष्य मागितलं, सागिनबेकच्या नातवाचं नाव घेऊन त्याला सुखात ठेव म्हणाला, एलनुराला भला नवरा मागितला.

"ओमिन," आम्ही म्हणालो आणि तोंडावरून हात फिरवले. साहेबांचे हात तोंडावर जरा जास्तच वेळ राहिले.

"ताई," एलनुरा माझ्या कानाशी लागली, "त्यांना सांगा ना, पाणी अजून आलेलं नाही."

"तू सांग. म्हणावं, आशीर्वाद परत घ्या."

"परत कसा घेतील?" सागिनबेक घाबऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्या नातवाचं नाव घेतलंय त्यांनी."

"माझ्या आईचंही," साहेब म्हणाले आणि फोन घेऊन अंगणात गेले. खिडकीतून ऐकू येत होतं. "उद्याच पाठव यंत्र. कागद मागाहून बघू."

सागिनबेक त्यांच्या मागोमाग धावला. "पाइप यंत्राबरोबरच येतील हं. आधी नाही!"

"आणि नंतरही नाही," मी दारातून म्हणाले.

एलनुरानं चहाचा पेला खाली ठेवला आणि पंपासाठी फोन लावला.

उरलेलं काम गावानं फावडी घेऊन केलं. पहिलं बर्फ पडायच्या आत आमच्या दारापुढे नळ उभा राहिला. त्या दिवशी तिघेही नटूनथटून आले. नळाला लाल फीत बांधलेली. ती कुणी कापायची यावर पुन्हा सुरू.

"तुम्ही कापा, साहेब."

"छे, पंप त्यांचा."

आयझादा किटली घेऊन घरातून आली. पोट चांगलंच दिसत होतं. "सरका जरा," ती म्हणाली, "पीठ मळायचं राहिलंय." फीत बाजूला सारून तिनं नळ सोडला, किटली भरली आणि एका हातात धरून घराकडे निघाली. तिचा दुसरा हात मोकळा होता. तो पाहून मला इतकं रडू आलं की तिघांचं भांडण आपोआप थांबलं.